चौकीतून परत पाठवलं तर

प्रिय सुनंदा,

तुझ्या शेजारणीला चौकीत 'घरचं भांडण आहे, जुळवून घ्या' म्हणून परत पाठवलं, हे वाचून जीव तुटला. हातात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा कागद) पडली की बाईला वाटतं, तक्रार झाली. पण अदखलपात्र प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. तरी तो कागद जपून ठेवा, तारखेचा पुरावा आहे. समेटाच्या कागदावर मात्र सही नको. मारहाण चालू असताना बाईला समेटाला बसवणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

आधी सरकारी दवाखाना, आणि सोबत तू जा. नवरा किंवा सासू शेजारी उभी असली की बाई 'जिन्यावरून पडले' म्हणते, केसपेपरवर तेच उतरतं आणि पुढे कोर्टात समोरचा वकील तोच कागद वाचून दाखवतो. कोणी, कशाने मारलं ते डॉक्टरांना लिहायला सांगा, एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्यात होणारी नोंद) नंबर घ्या. वळांचे फोटो लगेच काढा, दोन दिवसांनी पुन्हा काढा. तेव्हा ते जास्त काळेनिळे दिसतात. फोटो तुझ्या फोनमध्ये ठेव, तिचा घरात तपासला जात असेल.

संरक्षण अधिकाऱ्याच्या (घरच्या छळाच्या तक्रारींसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या) अहवालासाठी बायका आठवडेच्या आठवडे खेटे घालतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 चा अर्ज मात्र तिला थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. अहवाल नसला तरी आदेश देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत लागावी, 60 दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा असं कायदा सांगतो; प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच वेळ जातो. म्हणून त्याच दिवशी शपथपत्र जोडून कलम 23 खाली अंतरिम आदेश मागा: मारहाण थांबवा, घराबाहेर काढू नका, मुलांचा खर्च द्या. नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही तो मिळू शकतो. संरक्षण आदेश मोडला तर 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही.

वकील तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. बाईला उत्पन्नाची अट नाही. कुणी दाखला मागितला तर 1987 च्या विधी सेवा कायद्याचं कलम 12 दाखवा. रात्री निघावं लागलं तर 112 ला फोन, आणि सखी केंद्रात (छळ झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात) 5 दिवसांपर्यंत राहता येतं. माहेरी गेली तर अर्ज तिथल्या कोर्टातही चालतो.

आधार, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुक यांच्या झेरॉक्स आजच तुझ्या कपाटात आणून ठेव. अर्जाचा कच्चा मसुदा मला पाठव. तारखा आणि मारहाणीचे प्रसंग क्रमाने लागलेत का, ते बघून देते.

तुझी,
मीनल