शोभे, पिक्चर लाव पण सगळा लावू नको

विटा, 6 ऑगस्ट

प्रिय शोभे,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. फोनवर बोलण्यासारखं हे नाही म्हणून लिहायलाच बसले, लांबलचक होणार आहे, रात्री भाकऱ्या आवरल्या की निवांत वाच.

तू विचारलंस की बचत गटाच्या बायकांना पोरी पळवणं, विकणं यावर पिक्चर दाखवायचा तर कुठला, आणि सगळ्या म्हणतायत मर्दानी लाव. मी सांगते, तो लावू नको. पिक्चर वाईट नाही गं, 2014 साली आला तेव्हा मी स्वतः थेटरात बघितलाय, राणी मुखर्जीनं काम जीव लावून केलंय, ती प्यारी नावाची अनाथ पोरगी हरवल्यावर राणीची जी तगमग होते ती बघताना माझ्या घशाशी आलं होतं. पण बायका टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. वाटतं की असं काही झालं तर राणीच्या शिवानी रॉयसारखी एक पोलीस बाई येईल आणि त्या लोकांना तुडवून पोरीला सोडवून आणेल. तुमच्या दहिवडीत कोण येणार आहे शोभे? पोरगी गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस तर घरातलेच नातेवाइकांकडं शोधत बसतात, बदनामी नको म्हणून पोलिसात जायचं नाव काढत नाहीत.

माझं काय झालं ते सांगते. 30 जुलैला मानवी तस्करीविरोधी दिवस असतो, तर मी ठरवलं होतं की माझ्या शाळेतल्या नववी-दहावीच्या पोरींना लव्ह सोनिया दाखवायचा. आपली मृणाल ठाकूर आहे त्यात, धुळ्याकडची, आणि सई ताम्हणकर पण आहे, सांगलीचीच की, म्हटलं पोरी जवळून बघतील. आधी घरी बसून परत बघितला तेव्हा लक्षात आलं की याला ए सर्टिफिकेट आहे. मर्दानीला ए. लक्ष्मी नावाचा पिक्चर आहे, त्याला पण ए. ज्या वयाच्या पोरीची गोष्ट आहे त्या वयाच्या पोरीला तो बघताच येत नाही! पहिल्यांदा राग आला, मग सोनिया कोठ्यावर पोचल्यानंतरचे प्रसंग बघताना पटलं की हे चौदा वर्षांच्या लेकरासमोर मी नाही लावू शकत, घाबरून जातील आणि घाबरलेलं लेकरू तोंड उघडत नाही, उलट गप्प बसतं. म्हणून पोरींच्या ऐवजी आयांना बोलावलं.

हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या बांधल्या, प्रोजेक्टर लावला, चाळीसेक बायका आल्या, निम्म्या मागावरनं सुटून तशाच आलेल्या. मी सोनिया मुंबईत पोचेपर्यंतच दाखवला. त्या सुरुवातीत काय आहे सांगू, पाऊस नाही, बाप कर्जात बुडालाय, दोन बहिणी एकमेकींत जीव गुंतलेल्या, आणि बाप एकीला गावातल्या सावकाराला देऊन टाकतो. मग दुसरी, म्हणजे सोनिया, बहिणीला शोधायला स्वतःच्या पायानं निघते. कुणी तोंड दाबून गाडीत घातलेलं नाही, स्वतः निघते! माण तालुक्यात राहतेस तू, तुला ते रान, ती कोरडी विहीर वेगळी सांगायला नको.

मी तिथंच बंद केलं आणि दिवे लावले. कुणी उठेना. मग मागं बसलेली एक बाई बोलली, कांड्या भरायला जाते ती, केसात अजून सुताचा कीस होता, तिची पोरगी माझ्याच वर्गात आहे. म्हणाली, “मॅडम, पिक्चरमधी बापानं इकली. आमच्याकडं कोण इकत न्हाई. आमच्याकडं देऊन टाकत्यात.” आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून हॉलमधल्या सात-आठ जणी माना हलवायला लागल्या. एक बाई येते म्हणे वाडीवर, चांगली नेसलेली, पेढ्याचा पुडा घेऊन, सगळ्यांची नावानिशी चौकशी करते. स्थळ आणलंय म्हणते. हुंडा नको, लग्नाचा खर्च पण तिकडचेच करणार, वर आईच्या हातावर काहीतरी टेकवणार. फक्त लग्न तिकडं लांब करायचं, आणि दाखल्यावरचं वय बघायला तिकडं कुणाला वेळ नाही.

शोभे, त्या रात्री मला झोप आली नाही. चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक पोरगी होती, दोन वेण्या, लाल रिबिनी, अक्षर इतकं टपोरं की फळ्यावरचे सुविचार मी तिलाच लिहायला लावायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलीच नाही. मी हजेरीवर रोज “गै” लिहीत गेले. घरचे म्हणाले मावशीकडं दिलीय शिकायला, मी मानलं, मग नाव कमी झालं. नंतर कानावर आलं की लांब कुठंतरी लग्न करून दिलं, गावाचं नाव पण कुणाला सांगता येईना. तिची कंपासपेटी बाकात राहिली होती, ती अजून माझ्या कपाटात आहे. तेव्हा मी एक फोन केला असता तर काय झालं असतं हे मला माहीत नाही, पण केला नाही हे माहीत आहे आणि ते मला सुटत नाही.

आपल्याकडं पोरांची लग्नं जमत नाहीत, तिशी ओलांडलेली शेतकरी पोरं गावागावात बसून आहेत, म्हणून लग्नाचा एजंट म्हटलं की लोकांना उपकारकर्ताच वाटतो. तो इकडं पोरी आणतो आणि इकडच्या गरिबाच्या पोरी तिकडं नेतो, दोन्हीकडनं पैसे घेतो. यावर धड पिक्चर कुणी काढलेला मी तरी बघितला नाही. सगळीकडं तेच लाल दिवे, तोच कोठा, तोच पानानं तोंड रंगलेला दलाल. जवळ जाणारा एकच आठवतो, ना बंगारु तल्ली, 2013 चा तेलुगू, हैदराबादच्या सुनीता कृष्णन यांनी काढलाय, ज्यांची प्रज्वला संस्था अशा पोरींना सोडवायचं काम करते, आणि दिग्दर्शक त्यांचे नवरेच, राजेश टचरिव्हर. त्यात आपली नाशिकची अंजली पाटील आहे. पोरगी हुशार, बाप देवमाणूस, सगळं गाव त्याला मानतं, आणि तोच बाप दुसऱ्यांच्या पोरी विकून घर चालवत असतो. ते उलगडतं तेव्हा अंगावर काटा येतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय त्याला. पण भाषा तेलुगू, खाली अक्षरं वाचत बसायला लागतं, तुझ्या बायकांना जमणार नाही, तू मात्र एकटी बसून बघच.

देवदासींवरचा जोगवा पिक्चर तर तुला पाठ असेल. जतकडच्या, मिरजेकडच्या बायकांना तो पिक्चर वाटतच नाही, घरातली गोष्ट वाटते. यल्लम्माला पोर सोडायची आणि देवाचं नाव पुढं करून पुढचं सगळं झाकायचं. देवदासी सोडण्याविरुद्ध कर्नाटकात 1982 ला कायदा आला, आपल्याकडचा नवीन 2005 चा.

आता एक गोष्ट मात्र तुझ्या कार्यक्रमात नीट सांभाळ. पिक्चर संपला की कुणीतरी हमखास म्हणतं, त्या गोकुळनगरच्या वेश्यावस्तीतल्या बायकांना हाकलून द्या म्हणजे हे थांबेल. तिथं गप्प बसू नकोस. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे, संग्राम संस्थेबरोबर नव्वदच्या दशकापासून काम करतायत त्या बायका, आणि त्या सरळ सांगतात की आमच्या मर्जीनं काम करणाऱ्या मोठ्या बाईला आणि फसवून आणलेल्या लेकराला एका पारड्यात घालू नका. सुप्रीम कोर्टानं पण मे 2022 मध्ये पोलिसांना हेच बजावलं की सज्ञान बाई स्वखुशीनं करत असेल तर तिला त्रास द्यायचा नाही. पिक्चरमधे रेड पडते, दार तुटतं, संगीत वाजतं, बाया व्हॅनमधे बसतात आणि संपलं. व्हॅन पुढं कुठं जाते, सुधारगृहात किती महिने, घरचे घेतात का परत, हे कोण दाखवतं? म्हणून मला नागेश कुकुनूरचा लक्ष्मी जास्त पटतो. मोनाली ठाकूर त्यात चौदा वर्षांची पोरगी झालीय, खऱ्या केसवरनं घेतलाय, आणि त्यात पोरगी सुटून येऊन थांबत नाही, कोर्टात उभी राहून सगळ्यांदेखत साक्ष देते. त्याचा कोर्टातला शेवट तेवढा दाखव, बाकीचा नको, फार मारहाण आहे.

आणि पोरांच्या आयांना पण बोलाव गं. फक्त मुलींचा विषय म्हणून पोस्टर लावू नकोस. आपल्याकडची पोरं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला, जातात ती चुलत्या-मामाच्या दुकानात, ओळखीवर जातात, ती वेगळी गोष्ट. पण थायलंडला डेटा एंट्रीची नोकरी म्हणून नेलेली पोरं म्यानमारच्या बॉर्डरवर कंपाउंडात डांबली, पासपोर्ट काढून घेतले आणि फोनवरनं लोकांना फसवायला बसवली. मार्च 2025 मध्ये हवाई दलाची विमानं पाठवून पाचशेच्या वर भारतीयांना परत आणलं. शिकलेली पोरं होती त्यात, इंग्रजी येणारी.

पिक्चरनंतर भाषण नको ठेवू, फौजदार साहेबांना हार नको घालू. तीन गोष्टी साध्या भाषेत सांग. अठराच्या आतलं लेकरू “मी माझ्या मर्जीनं गेले” म्हणालं तरी कायद्यात तो नेणाऱ्याचा गुन्हाच राहतो, आई-बापानं हो म्हटलं तरी. लेकरू हरवलं तर चोवीस तास थांबा म्हणणारा चुकीचं सांगतोय, सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच सांगितलंय की लगेच एफआयआर घ्यायचा. आणि लेकरांच्या मदतीचा 1098 हा नंबर, रात्री पण लागतो, पैसे पडत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही. त्या कांड्या भरणाऱ्या बाईनं तो नंबर पोरीकडनं हातावर पेनानं लिहून घेतला, कारण मोबाईल नवऱ्याकडं असतो.

ती पेढेवाली बाई परत आली तर मला कळवायचं ठरलंय. त्या कांड्या भरणाऱ्या बाईच्या पोरीला मी आता पुढच्या बाकावर बसवलंय, दोन दिवस नाही आली तर तिसऱ्या दिवशी मी घरी जाते, शाळा सुटली की तशीच.

रविवारी सकाळच्या गाडीनं मायणीवरनं येते, स्टँडवर ये घ्यायला. प्रोजेक्टर माझा आणते. पडदा मिळाला नाही तर पांढरी चादर चालेल, पण आदल्या दिवशी धुवून इस्त्री करून ठेव, सुरकुत्या असल्या की माणसांचे चेहरे दिसत नाहीत.

तुझीच,
मंगल