व्हॅलेन्सियाची सहल: यादी नको, वेळा पाहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपात शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी शनिवार-रविवारच्या सहलींवरचे लेख हल्ली पुरवण्यांत बरेच येतात. काय पाहावे, हे त्यांत सविस्तर असते. कोणत्या वारी, किती वाजता, हे मात्र क्वचित असते आणि स्पेनच्या किनाऱ्यावर नेमके तिथेच गणित चुकते. माद्रिदहून सर्वांत सोयीचे पडणारे व्हॅलेन्सिया हे शहर घेऊन काही माहिती कळवत आहोत. मुलांना आणि इथे काळजी करत बसलेल्या पालकांना तिचा उपयोग व्हावा.

आधी कागदपत्रे. जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स अशा शेंगेन देशाचे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या देशाचे, वैध निवास-कार्ड असेल तर स्पेनसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही मात्र सोबत हवेत. ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये शिकणाऱ्यांचे तसे नाही. तिथला विद्यार्थी व्हिसा स्पेनला चालत नाही, अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. त्याचे शुल्क ९० युरो, अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आणि जास्तीत जास्त ६ महिने आधी, शिवाय ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. खरा उशीर अर्जात होत नाही, भेटीची तारीख मिळण्यात होतो. म्हणून व्हिसा हाती येण्याआधी परत न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नये. स्वस्त विमानाने जाणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. काही कंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांची कागदपत्रे विमानतळावर प्रत्यक्ष तपासतात. फोनवर चेक-इन झाले म्हणून थेट गेटवर गेलेला विद्यार्थी तिथून परत पाठवला जातो.

तिकिटावरच्या नावाचा घोळ तर आपल्याकडच्या मुलांचा हमखास होतो. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावे असतात, त्यामुळे तिकिटाच्या अर्जात दोन रकाने दिसतात आणि आपली मुले वडिलांचे नाव त्यातल्या एकात भरतात. पासपोर्टवर नाव आणि आडनाव जसे छापले आहे तसेच लिहावे. वडिलांचे नाव तिथे स्वतःच्या नावाला जोडून आले असेल तर तिकिटावरही तसेच, आणि दुसऱ्या आडनावाचा रकाना रिकामा.

माद्रिद ते व्हॅलेन्सिया वेगवान रेल्वे २०१० साली सुरू झाली. थेट गाडीला साधारण १ तास ५० मिनिटे लागतात. एकाच मार्गावर तीन कंपन्या गाड्या चालवतात, म्हणून आधी काढलेले तिकीट बऱ्याचदा स्वस्त मिळते आणि शुक्रवार संध्याकाळचे शेवटच्या घटकेला काढलेले त्याच्या कित्येक पट पडते. तिकिटावर स्टेशनाचे नाव नीट वाचावे. व्हॅलेन्सियाला जाणाऱ्या बहुतेक गाड्या आता माद्रिदच्या उत्तरेकडच्या चामार्तीनहून सुटतात, तर पर्यटक सवयीने दक्षिणेकडच्या आतोचाला जातात. चूक लक्षात येईपर्यंत गाडी निघून गेलेली असते. लांब पल्ल्याच्या गाड्यांना सामान यंत्रातून तपासतात आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी फलाटाचे दार बंद होते. अर्धा तास हाताशी ठेवून पोहोचावे. व्हॅलेन्सियात गाडी होआकीन सोरोया स्टेशनला लागते. हे नाव तिथल्याच समुद्राचे ऊन रंगवणाऱ्या चित्रकाराचे. तिथून जुने नॉर्द स्टेशन आणि शहराचा मध्यभाग पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

आता शनिवार-रविवारचे. मध्यवर्ती बाजार, म्हणजे १९२८ साली सुरू झालेला मेर्कादो सेंत्राल, सोमवार ते शनिवार सकाळी साडेसात ते दुपारी तीन एवढाच उघडा असतो. रविवारी बंद. म्हणून शनिवारची सकाळ याच्यासाठी राखून ठेवावी आणि फळे, चीज, पाव तिथूनच घ्यावेत; रविवारच्या न्याहारीचीही सोय होते. समोरच ला लोन्हा हा पंधराव्या शतकातला रेशीमबाजार आहे, पीळ दिलेल्या दगडी खांबांचा. १९९६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. रविवारी तो दुपारी दोनला बंद होतो. बारा-एकला आरामात उठून निघणाऱ्यांच्या हातून निम्मे शहर जाते ते असे.

जेवणाच्या वेळा आपल्यापेक्षा उशिराच्या आहेत. दुपारचे दोन ते साडेतीन, रात्रीचे नऊनंतर. संध्याकाळी सहाला कडाडून भूक लागली तर स्वयंपाकघर बंद आणि बाहेर फक्त फोटो लावलेले पर्यटकी फलक. स्वस्त ‘मेनू देल दिया’, म्हणजे ठरलेल्या किमतीचे जेवण, बहुतेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवारच मिळते. शनिवार-रविवारचा खर्च त्याच हिशेबाने धरावा.

पाएया, म्हणजे पसरट कढईत शिजवलेला तिथला भात, हे दुपारचे जेवण आहे, रात्रीचे नाही. तिथल्या मूळ पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा आणि गारोफो हा मोठा पांढरा पावटा असतो, मासळी नसते. तांदूळ आखूड दाण्याचा, भरपूर रस्सा पिऊनही न फुटणारा. एकदा पसरला की तो ढवळत नाहीत, कारण ढवळला की पिठूळ होतो आणि तळाची खरवड धरत नाही. या खरवडीला ‘सोकार्रात’ म्हणतात आणि तीच सगळ्यांना हवी असते. तांदूळ पडल्यावर अठरा-वीस मिनिटे, त्याआधी रस्सा. पंधरा मिनिटांत समोर आलेली पाएया त्या वेळी शिजवलेली नसते. बहुतेक ठिकाणी किमान दोघांसाठीच करतात, तेव्हा एकट्या विद्यार्थ्याने सोबती शोधावा.

शाकाहारींनी शब्द पाठ करावेत. ‘मांस नको’ म्हटले तरी हामोनचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, तुकडे येऊ शकतात. अनेकांच्या लेखी ते मांसात मोडत नाहीत. मिक्स्ता नावाच्या कोशिंबिरीत बहुधा ट्यूना मासा असतो. भाज्यांच्या पाएयातही ‘काल्दो’, म्हणजे रस्सा, कोंबडीचा असू शकतो, तो भाजीचाच आहे का हे वेगळे विचारावे. आणि बेकरीत ‘मान्तेका’ म्हणजे डुकराची चरबी. लोणी ते ‘मान्तेकिया’. बिनघोर प्यावी ती ओर्चाता. चुफाचे कंद, पाणी आणि साखर, दूध मुळीच नाही. चुफा आपल्या लव्हाळ्याच्याच कुळातला, आणि त्याची शेते शहराला लागून असलेल्या आल्बोरायात आहेत. मेट्रोने तिथे सहज जाता येते.

रविवारी तुरिया नदीच्या बागेतून सायकलने समुद्राकडे निघावे. ही नदी शहरात आता वाहत नाही. १४ ऑक्टोबर १९५७ च्या महापुरात ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि नदी शहराच्या दक्षिणेकडून वळवण्यात आली. कोरड्या पात्रातून मोटारींचा मोठा रस्ता काढण्याचा बेत होता. पात्र आमचे आहे आणि ते हिरवे हवे, असा आग्रह नागरिकांनी धरला, म्हणून आज तिथे सुमारे नऊ किलोमीटरची बाग आहे. वर जुने दगडी पूल, खाली संत्र्याची झाडे. पुण्याच्या वाचकांना हा वाद ओळखीचा वाटेल.

पुराचा विषय इथे संपत नाही, आणि या पत्रातला सर्वांत निकडीचा मुद्दा हाच आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात भूमध्य समुद्र उबदार असतो आणि वर थंड हवा अडकली की काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेवीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. वळवलेल्या पात्रामुळे जुने शहर बरेचसे वाचले. दक्षिणेची पायपोर्तासारखी उपनगरे बुडाली. त्यातल्या अनेक ठिकाणी फारसा पाऊसही पडला नव्हता, पाणी वरच्या भागातून ओढ्यांनी आले. त्यामुळे ‘आकाश कोरडे आहे’ हा निकष धरू नये. सहलीला निघण्याआधी स्पेनच्या हवामान खात्याचा, म्हणजे आएमेतचा, पिवळा-नारिंगी-लाल इशारा पाहावा. लाल असेल तर सहल रद्द करावी, तिकिटाचे पैसे बुडाले तरी. फोनवर मोठा गजर करणारा संदेश आला तर तळघरातून, भुयारी पार्किंगमधून आणि ओढ्याच्या काठावरून ताबडतोब वरच्या मजल्यावर जावे. गाडी काढायला खाली उतरू नये. त्या दिवशी कित्येक जीव असेच गेले. आपत्कालीन क्रमांक ११२.

किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पोहणाऱ्यानेही पाण्यात उतरू नये. पासपोर्ट राहण्याच्या ठिकाणी कुलपात आणि निवास-कार्ड अंगावर, असे वेगळे ठेवावे, कारण भारतीय दूतावास माद्रिदला आहे आणि शनिवार-रविवारी तो बंद असतो.

आपल्या पुरवणीत अशा सहलीवर लेख येईल तेव्हा त्याखाली तीन ओळींची चौकट छापावी, ही विनंती: कोणाला व्हिसा लागतो, रविवारी काय बंद असते आणि हवामानाचा इशारा कुठे पाहायचा.

आपले,
स्पेनमध्ये राहणारे काही मराठी वाचक