घराजवळच्या झाडांना एकच अंतर कसे चालेल?

महोदय,

रत्नागिरी शहरातील आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाने अलीकडेच झालेल्या सभेत, यापुढे कोणत्याही घरापासून १५ फुटांच्या आत झाड लावू नये, असा ठराव मंजूर केला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतील बागांची जी वाताहत केली आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्याला जो तडाखा दिला, तो कोणीच विसरलेले नाही. त्यामुळे या ठरावामागची भीती अनाठायी आहे, असे मी म्हणणार नाही. ठरावातील आकडा मात्र मला चुकीचा वाटतो, आणि अन्य वसाहतींतही असे ठराव होण्याचा संभव असल्याने हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडील बहुतेक भूखंड तीन गुंठ्यांचे, म्हणजे ३,२६७ चौरस फुटांचे आहेत. मधोमध घर, एका कोपऱ्यात विहीर किंवा बोअरवेल आणि मागच्या बाजूला सेप्टिक टाकी असली की घराच्या कोणत्याही बाजूला १०-१२ फुटांहून अधिक जागा क्वचितच उरते. तेव्हा १५ फुटांचा नियम म्हणजे झाडच नको, असा त्याचा सरळ अर्थ होतो. आणि तसेच म्हणायचे असेल, तर ते उघडपणे म्हणावे.

गंमत अशी की, आंब्या-फणसाच्या बाबतीत हेच १५ फूट अपुरे आहेत. बागेत कलमी आंबा १० मीटरवर, कोकम ६ मीटरवर आणि पोफळ (सुपारी) पावणेतीन मीटरवर लावण्याची शिफारस असते. त्याचे निम्मे अंतर ही एका झाडाची एका बाजूची किमान गरज धरली, तर आंबा भिंतीपासून १६ फुटांहून अधिक दूर हवा, रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेला असेल तर त्याहूनही दूर. कोकमाला १० फूट पुरतात आणि पोफळीला पाच. कढीपत्ता, पारिजातक, तगर, जास्वंद यांना तर ठरावात आणण्याचेच कारण नाही. उलट गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांना तीन गुंठ्यांत कोठेही जागा नाही, हे ठरावात स्पष्ट लिहायला हवे होते.

माडाचे तर अंतराने भागतच नाही. पन्नास-साठ फूट उंच वाढलेला माड भूखंडाच्या कोणत्याही कोपऱ्यात असला तरी पडताना कौलांपर्यंत पोहोचू शकतो. तेथे पाहायचे ते खोड. सोंड्या भुंग्याची अळी खोड आतून पोखरते. बुंध्याजवळ किंवा वर भोके, त्यांतून ओघळून वाळलेला तपकिरी चिकट रस आणि चघळल्यासारखा भुसा दिसला, तर तो माड वादळाची वाट न पाहता जाणकाराला दाखवावा. नारळ पाडायला वर चढणारा माणूस शेंड्याची अवस्था जवळून पाहतो. त्याला दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आमच्याकडे झाडे उन्मळतात त्याचे मोठे कारण कातळ आहे. जांभ्या दगडात हातभर खड्डा काढून त्यात माती भरली, तर मुळे त्या खड्ड्यातच गोल फिरत राहतात आणि पावसाळ्यात खड्ड्याची टाकी होते. शेंडा वाढतो, पण बुडाला पकड नसते. किमान एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा काढून तळाचा कातळ फोडून घ्यावा आणि उताराच्या बाजूने पाणी जायला वाट ठेवावी. पिशवीत वेटोळी झालेली मुळे लावण्यापूर्वी सोडवावीत. याच संघाने गतवर्षी जलवाहिनीसाठी चर खणताना गल्लीतील झाडांची एका बाजूची मुळे सरसकट तोडली आणि नंतर पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यांना भिडवले. त्यांतले एखादे झाड उद्या पडले, तर दोष अर्थातच वाऱ्याला दिला जाईल.

आणखी एक बाब सभेत कोणी मांडली नाही. नगरपरिषद हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असल्यामुळे स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही परवानगी घ्यावी लागते. रोप लावताना कोणी विचारत नाही. म्हणून विचार तेव्हाच व्हायला हवा.

संघाने पावसाळ्यापूर्वी ठराव दुरुस्त करून झाडांप्रमाणे अंतरे ठरवावीत आणि वाटपासाठी मागवायच्या रोपांच्या यादीतून गुलमोहर वगळून कोकम, ताम्हण, बकुळ घ्यावीत, अशी मागणी मी लेखी केली आहे. कोकमाची मात्र कलमेच मागवावीत. बियांपासून वाढवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि अशा नर झाडाला सहा-सात वर्षे पाणी घालून हाती एकही रातांबा (कोकमाचे फळ) लागत नाही.

आपला,
एक रहिवासी, रत्नागिरी