केसपेपरवर एक रकाना हवा

संपादक महोदय,

मधुमेहींनी पावलांची काळजी कशी घ्यावी, हा आपल्या दैनिकातला लेख वाचला. पाय रोज धुवा, कोरडे ठेवा, अनवाणी फिरू नका, हे सगळे बरोबरच आहे. पण पायाला रक्त पोचते की नाही, याबद्दल त्यात एक ओळही नाही. आम्हालाही ते कोणी वेळेवर सांगितले नाही आणि माझ्या यजमानांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. म्हणून हे पत्र.

हे एसटीत वाहक होते. तीस वर्षांची बिडी, पंधरा वर्षांची साखर. गांधीगेटपासून बडकस चौकापर्यंत जाताना दोनदा थांबायचे, पोटरी धरायचे, दुखणे ओसरले की पुन्हा चालायला लागायचे. "वय झालं न आता," म्हणायचे. मीही तेच धरून बसले. मग नवी चप्पल अंगठ्याला लागली. एका रुग्णालयात सहा आठवडे ड्रेसिंग चालले. साखर तपासली, पू तपासला, अँटिबायोटिक तीनदा बदलले. पण पावलावर दोन बोटे ठेवून नाडी पाहावी, असे सहा आठवड्यांत एकालाही सुचले नाही. अंगठा काळा पडला आणि ते काळेपण वर सरकत गेले.

आठ महिन्यांनी डाव्या टाचेला भेग पडून चिघळली, तेव्हा मात्र आम्ही थेट एका शिकवणाऱ्या रुग्णालयात गेलो. तिथल्या व्हॅस्क्युलर सर्जननी, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जननी, आधी मोजा काढायला लावला आणि मग फाइल मागितली. भोवती पाच-सहा विद्यार्थी. एकाने पावलावर बोट ठेवले आणि म्हणाला, "लागते सर." सर म्हणाले, "तुला तुझ्याच बोटाची नाडी लागून राहिली. दुसऱ्या हाताने स्वतःचं मनगट धर आणि मग सांग." पोरगा बराच वेळ वाकून उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "नाही लागत सर." उरलेल्या सगळ्यांनाही त्यांनी एकेक करून तेच करायला लावले.

मग घोट्याला प्रेशरचा पट्टा बांधून, जेली लावून, रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या पेनाएवढ्या डॉपलर यंत्राने दाब मोजला. दंडाला १४०, घोट्याला ७०. भागाकार ०.५. तो ०.९ च्या खाली गेला की धमनी अरुंद झाली असे धरतात. साखरेच्या रुग्णांत धमन्या चुन्यासारख्या कडक होतात, त्यामुळे हा आकडा कधी कधी खोटाच चांगला येतो आणि मग पायाच्या अंगठ्यातला दाब मोजावा लागतो, हेही त्यांनी सांगितले. "काकू, अर्धाच दाब पोचून राहिला," ते म्हणाले. मला तेवढ्यात सगळे समजले.

मी शिवण शिक्षिका होते, म्हणून ऑपरेशनबद्दल खोदून खोदून विचारले आणि त्यांनी कंटाळा केला नाही. यांच्याच मांडीतली शीर काढून, अडलेल्या जागेला वळसा घालून पायाच्या धमनीला जोडली; यालाच बायपास म्हणतात. शिरेत आत पडदे असतात, ते रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात, म्हणून ती उलटी फिरवून लावतात. मखमल बेतताना लव कुठल्या बाजूला पडते ते आम्ही पाहतो, तसेच. धागा केसाएवढा बारीक, दोन्ही टोकांना सुई. धमनीत सुई आतून बाहेर काढायची, नाही तर आतले अस्तर सुटते आणि रक्त अडते. अस्तर सुटू नये म्हणून मी आयुष्यभर मुलींना रागावले आहे!

त्यांनीच अलेक्सी कॅरेल या फ्रेंच सर्जनची गोष्ट सांगितली. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना ल्यों शहरात भोसकले गेले. फाटलेली मोठी शीर शिवणे तेव्हा कोणाला जमत नव्हते, ते गेले. कॅरेल तिथेच शिकत होते. त्यांनी भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे जाऊन बारीक टाके शिकून घेतले. धमनीच्या गोल तोंडावर तीन टाके घालून ते ताणायचे, म्हणजे गोलाचा त्रिकोण होतो आणि सरळ शिवता येते. बाही बसवण्याआधी आम्ही कच्चे टाके घालतो, त्याचेच हे भावंड. १९१२ साली त्यांना नोबेल मिळाले. पुढे ह्यूस्टनचे सर्जन मायकल डिबेकी यांनी डेक्रॉन या कृत्रिम कापडाच्या नळ्या बायकोच्या शिलाई मशीनवर शिवून धमनीच्या जागी बसवून पाहिल्या.

या विषयात येण्यासाठी एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमएस तीन, त्यावर आणखी तीन. एवढे शिकून माणूस दिवसभर ऑपरेशन करतो, पोरांना शिकवतो आणि वर संध्याकाळी रजिस्टर घेऊन कोणाचा पाय वर्षभर टिकला ते लिहीत बसतो. ते कशाला, हे मी विचारले. बायपास बरा की धमनीत फुगा फुगवून ती रुंद करायची, म्हणजे अँजिओप्लास्टी बरी, यावर २०२२ साली बेस्ट-सीएलआय नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, १८३० रुग्णांचा. मांडीतली चांगली शीर मिळत असेल तर बायपास सरस, असे त्यात निघाले. पुढच्याच वर्षी बेसिल-२ हा ३४५ रुग्णांचा युरोपातला अभ्यास आला. गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी आधी फुगा बरा, असे त्यात दिसले. दोन्ही अभ्यास नीट केलेले, तरी उत्तरे वेगळी. मग आपल्याकडचा शेतात अनवाणी राबणारा, बिडी ओढणारा, जखम चिघळल्यावर गडचिरोली-गोंदियाहून निघालेला माणूस कुठल्या उत्तरात बसतो? ते इथल्याच नोंदींतून कळेल. माझ्या यजमानांच्या उजव्या पायाचे ते सहा आठवडे कुठल्याच रजिस्टरात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

माझी मागणी साधी आहे. नागपुरातली मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी रुग्णालये आणि धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालये, सगळीकडे पायाच्या जखमेच्या केसपेपरवर एक रकाना छापावा: पावलाची नाडी लागते का, घोट्याचा दाब किती, कोणत्या तारखेला पाहिले. तो रिकामा असेल तर, जीव धोक्यात असल्याखेरीज, पाय कापण्याच्या कागदावर सही होऊ नये. आणि वर्षाच्या शेवटी हे आकडे विदर्भापुरते एकत्र करून प्रसिद्ध व्हावेत.

माझ्या घरच्या शिवणवर्गात आठ बायका येतात. त्यांना मी पावलाच्या वर आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी कुठे लागते ते दाखवले आहे. मागच्या आठवड्यात एकीला सासऱ्यांच्या डाव्या पायात ती सापडली नाही. सोमवारी ते ओपीडीत दाखवून आले.

— एक निवृत्त शिवण शिक्षिका, महाल, नागपूर