ऊसतोड कामगार बाईची तक्रार कोणत्या जिल्ह्याने ऐकायची?

मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून देशात लागू आहे. राजस्थानातील भटेरी गावात बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायद्याचे मूळ असे खेड्यातल्या बाईच्या लढ्यात असताना त्याची अंमलबजावणी, जी काही झाली ती, बहुतांशी शहरातल्या कार्यालयांपुरती राहिली.

जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असते, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागायची, अशी कायद्यात तरतूद आहे. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याने तक्रार स्वीकारून सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. ती बीड जिल्ह्यातून सांगली, कोल्हापूरकडे किंवा थेट कर्नाटकात ऊस तोडायला जाणाऱ्या बाईच्या उपयोगी का पडत नाही, हे आपल्यासमोर मांडावे यासाठी हे पत्र.

या धंद्यात नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर-एकक, धरली जाते, उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर असते आणि बहुधा ती नवऱ्याच्या हातात पडते. मुक्काम उघड्या रानातल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आंघोळीला चार काठ्यांना गुंडाळलेल्या जुन्या साडीचा आडोसा, शौचाला उसाचा फड. ट्रॅक्टर मध्यरात्री आला तर मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचे ते त्याच वेळी. त्रास देणारा मुकादम, म्हणजे मजूर आणणारा ठेकेदार, असेल, ट्रॅक्टरचा चालक असेल, पाण्याची मोटर ज्याच्या हातात आहे तो शेतमालक असेल किंवा चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा फडावरचा कर्मचारी, असेल. यांतल्या प्रत्येकाकडे तिचे काही ना काही अडकलेले असते. तक्रार द्यायला ती तालुक्याला गेली तर त्या दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरी, पडतो आणि त्याची रक्कम उचलीतून वळती होते. न्याय मागण्यासाठी दंड भरावा लागतो, तो असा. कारखान्याला विचारले तर तोडकरी मुकादमाचे, असे उत्तर मिळते. वास्तविक ठेकेदारामार्फत आलेली कामगारही या कायद्याच्या व्याख्येत बसते.

त्यात मुदतीचा प्रश्न. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार व्हावी लागते. समितीला कारणे नोंदवून आणखी तीन महिने वाढवून देता येतात, पण ते समितीच्या मर्जीवर. डिसेंबरात घडलेली गोष्ट पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये गावी परतून सांगावी, तर पहिली मुदत उलटून गेलेली असते. शिवाय समितीचे कार्यक्षेत्र आपल्या जिल्ह्यापुरते. गावच्या जिल्ह्याने म्हणायचे की घटना इथली नाही, आणि घटना जिथली तिथे बाई पुन्हा येणार ती पुढच्या हंगामात.

सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात ३ डिसेंबर २०२४ रोजी आदेश देऊन स्थानिक समित्या ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थापन करण्यास सांगितले होते. समिती स्थापन झाल्याचा कागद निघणे आणि फडातल्या बाईला तिचा पत्ता ठाऊक असणे यांत मोठे अंतर आहे.

म्हणून विनंती अशी की, येत्या गळीत हंगामापूर्वी आपल्या विभागाने एक परिपत्रक काढावे. स्थलांतरित महिलेची तक्रार तिच्या गावच्या नोडल अधिकाऱ्याने, लिहिता येत नसल्यास तिच्या तोंडून ऐकून व उतरवून घेऊन, संबंधित जिल्ह्याकडे स्वतः पाठवावी. हंगाम हे मुदतवाढीचे पुरेसे कारण मानले जावे. तक्रारीच्या कामी गेलेल्या दिवसाचा खाडा धरू नये, ही अट साखर आयुक्तालयाशी बोलून कारखान्यांवर घालावी. कर्नाटक शासनाशी याबाबत पत्रव्यवहार लागेल. तो आपणच करू शकता. नोडल अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्रावर छापण्यास तर कोणाच्या परवानगीचीही गरज पडू नये.

टोळ्या दिवाळीच्या आसपास गाव सोडतात. परिपत्रक त्यापूर्वी तालुक्यापर्यंत पोचावे.

आपली विश्वासू,
बीड जिल्ह्यातील एक कार्यकर्ती