एक्सलेटर अडकतो त्याबद्दल

बाय,

फोनवर तू म्हणालीस की पाय काढला तरी रेस लगेच खाली येत नाही, मग पेडलला एक लाथ मारली की येते. ती लाथ मारून चालवणं आजपासून बंद. चवथीला, गणपतीला, मडगावहून ही गाडी घेऊन यायची म्हणतेस, बोरीच्या पुलावर पुढे ट्रक आणि इकडे रेस अडकलेली, नकोच ते.

बाबांना विचारलंस तर ते म्हणतील केबलमध्ये तेल सोड. त्यांना प्रत्येक गोष्टीवर तेलच सुचतं. आधी बघ तरी अडकतंय कुठे.

आपली गाडी २००० च्या आधीची, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा तो जुना भाग. तुझ्या ऑफिसातल्या मुलांच्या नव्या गाड्यांत बहुतेक केबलच नसते, पेडलला सेन्सर असतो, त्यामुळे त्यांचे सल्ले ऐकू नको. आपल्याकडे पेडल दाबलं की केबल नुसती ओढते, परत ढकलायची ताकद तिच्यात नाही, परत आणायचं काम कार्बोरेटरवरच्या स्प्रिंगचं. म्हणून केबल जराशी जरी आत घासत असली तरी दाबताना पायाला कळत नाही, सोडताना कळतं.

पहिल्यांदा मॅट काढून बाजूला टाक, पुढे सरकून पेडलखाली गेलेली असू शकते, उगाच मेकॅनिकला पैसे नकोत. आणि सकाळी थंड इंजिनला चोक ओढलेला असताना रेस जास्त राहते ते वेगळं, त्याला अडकणं समजू नको. मग गाडी बंद, इंजिन थंड, बोनेट उघड. कुणाला तरी पेडल दाबून सोडायला सांग आणि केबल कार्बोरेटरला जिथे जोडलीय तिथला लिव्हर बघ. टक्कन परत आला तर ठीक. नाही आला तर केबलचं टोक काढ आणि लिव्हर हाताने फिरवून सोड. आता टक्कन आला म्हणजे दोष केबलचा किंवा पेडलचा, आणि आताही सुस्तच आला तर थ्रॉटलच्या, म्हणजे लिव्हरने उघडमिट होणाऱ्या झडपेच्या, दांड्यावर चिकट काळं बसलंय नाहीतर स्प्रिंग ढिली झालीय, तिथे केबल बदलून काहीच होणार नाही. त्याला कार्बोरेटर क्लीनर मारून पुसायचं, स्प्रिंग नवी घालायची. एवढं तू स्वतः बघून गेलीस की गॅरेजवाला सगळंच बदलायला लावणार नाही.

माझा संशय केबलवरच आहे. अख्खा पावसाळा गाडी बाहेर उभी, त्यात समुद्राकडची खारी हवा, केबलच्या टोकातून पाणी शिरतं आणि आतली तार गंजते, मग एकेक बारीक तार तुटून कुसळासारखी आवरणात रुतते. दरवेळी पेडल एकाच जागी अडकत असेल तर हेच समज. तेल सोडलंस तर थोडे दिवस बरं वाटेल, मग त्यावर धूळ बसून जास्तच जड होतं. केबल नवीनच घालायची, जुनी शेजारी धरून लांबी बघून घे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम पाइपाला लागू द्यायची नाही, कुठे एकदम मोडून वळवायची नाही. पेडल सोडलेलं असताना किंचित ढिली हवी, ताणून बसवली तर इंजिन कायम रेसमध्येच राहील. मग तू पेडल पूर्ण दाबायचं आणि मेकॅनिकने पुढून बघायचं थ्रॉटल पूर्ण उघडतो का, आणि सोडल्यावर पूर्ण मिटतो का. हे तुझ्यासमोर करून घे, "झालं मॅडम" म्हटल्यावर उठू नको.

आणि ही गाडी असो की दुसरी कुठली, चालवताना अडकलाच तर क्लच पूर्ण दाब, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धर, न्यूट्रल कर. इंजिन बोंबलेल, बोंबलू दे. ब्रेक सारखा सोडून मारायचा नाही, थ्रॉटल उघडा असताना ब्रेकला जोर देणारा इंजिनाचा व्हॅक्यूम पुरत नाही आणि दोनतीनदा मारलास की पेडल दगड होतं. वाकून हाताने एक्सलेटरचं पेडल ओढायला तर अजिबात जाऊ नको. गाडी कडेला थांबली की मग बंद कर. चालत्या गाडीत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं.

चवथीच्या आधी काम झालं नाही तर गाडी तिथेच ठेव आणि कदंबाच्या बसने ये, फोंड्याला बस बदल, साखळीला बाबा स्कूटर घेऊन येतील. माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान इथे मिळतं, तिथून काही उचलून आणू नको.

आई