ताडोबातल्या गाईडताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या एका पहाटे मोहर्ली गेटवर आम्ही पाच मित्र तुमच्या जिप्सीत बसलो. गाईड नंबरानं मिळतो, त्यामुळे तुम्ही आमच्या वाट्याला आलात हा निव्वळ योगायोग. रोज इतके पर्यटक येतात, सगळ्यांचे चेहरे कुठे लक्षात राहणार? पण आमच्यातला एकजण आठवत असेल. हातात घडीची पांढरी काठी होती, तो.

त्याची दृष्टी गेल्या सहा वर्षांत हळूहळू गेली. १९९५ साली अंधारी अभयारण्य जोडून ताडोबाचा व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच वर्षी आम्ही पाचजण वसतिगृहाच्या एका खोलीत राहायला आलो होतो. इतकी जुनी मैत्री, आणि तरी खरं सांगतो, सहल ठरवताना आमच्यातल्या दोघांच्या मनात आलं होतं की तो जंगलात येऊन करणार काय! तो स्वतःही म्हणाला होता, "तुम्ही जाऊन या, मी रिसॉर्टवर थांबतो." आम्ही त्याला ओढून आणलं खरं, पण आणल्यावर काय करायचं ते आम्हाला कळत नव्हतं. पहिल्या दिवशीच्या फेरीत चौघंही सारखे त्याच्या कानाशी बोलत होतो. हे बघ मोर, ते बघ गवे. 'बघ' तोंडातून गेलं की जीभ चावायची. तो हसून मान डोलवायचा, आणि ते हसू बघवत नव्हतं.

तुम्ही गेटवर त्याची काठी पाहिलीत आणि त्याच्याजवळ जाऊन सरळ विचारलंत, "दादा, अजिबात दिसत नाही की थोडं दिसते?" आमच्यापैकी कुणी इतकं साधं कधी विचारलं नव्हतं. मग कागदपत्रं तपासून होईपर्यंत तुम्ही त्याचा तळवा तिथल्या ऐनाच्या खोडावर ठेवलात. "ही मगरीची पाठ समजा. तळ्यातल्या मगरीला हात लावता येत नाही ना!" त्या चौकोनी भेगांवरून तो बराच वेळ बोटं फिरवत राहिला. नंतर त्याच्या हातावर तुम्ही बोटानं वाघाचं पाऊल काढलंत: मागची मोठी गादी, पुढे चार बोटं. नखं काढली नाहीत, कारण चालताना वाघ ती आत घेतो. रानकुत्र्याची मात्र उमटतात.

आत गेल्यावर तुम्ही आम्हालाच दटावलंत. "तुम्ही जरा गप्प राहा जी, त्यांना ऐकू द्या." ते एक वाक्य आम्हा चौघांना हवंच होतं.

तळ्याच्या अलीकडे जिप्सी बंद करून आपण थांबलो. सागाची पानं वाळून खाली पसरली होती, त्यावरून कुणी चाललं की कळायचं. तुम्ही त्याला एकेक आवाज सोडवून देत होतात. वानर झाडावरून लांबचं पाहतं, म्हणून वाघ आल्याचं खाकरून आधी तेच सांगतं. चितळ घाबरट, कधीकधी उगाचच ओरडतं. सांबर मात्र सहसा खोटं बोलत नाही. मधेच भृंगराजानं दुसऱ्याच कुठल्या पक्ष्याची नक्कल केली आणि आम्ही फसलो. तो फसला नाही.

पाऊण तास गेला असेल. आम्ही सगळे समोर पाण्याकडे डोळे लावून बसलेलो. तो हळूच म्हणाला, "सांबर. मागे, उजवीकडे." आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही एक क्षण कान दिलात आणि ड्रायव्हरदादांना गाडी वळवायला सांगितलीत. तुम्ही त्याच्यावर विश्वास टाकलात, ताई. शहानिशा करत बसला असतात तर ती वाघीण निघून गेली असती.

ती रस्त्यावर आली तेव्हा आम्ही चौघं श्वास रोखून पाहत होतो. तुम्ही मात्र तिच्याकडे पाहत त्याच्या कानात बोलत होतात. "पुढचा पाय मातीत टाकला. थांबली. पाठ आपल्याकडे, कानामागचे पांढरे ठिपके दिसतात. आता शेपूट वर केली, झाडावर फवारा मारला." ती झुडपात शिरल्यावर गाडी त्या झाडाजवळून गेली आणि तो एकदम ताठ बसला. "भात शिजतोय का कुठे? वासाचा तांदूळ?" तुम्ही हसलात. सुवासिक तांदळाला ज्या द्रव्यामुळे वास येतो, तेच वाघ हद्दीची खूण म्हणून मारतो त्या फवाऱ्यातही असतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्ही हुंगत राहिलो. आमच्यातल्या एकाला पुसटसा आला, बाकीच्यांना नाहीच.

मोबाईल आत न्यायचे नव्हते, त्यामुळे त्या सकाळचा एकही फोटो आमच्याकडे नाही. परतीच्या वाटेवर वाघीण कशी दिसली हे आम्ही चौघं चार तऱ्हेनं सांगत होतो, आणि कुठून आली, किती पावलांवर थांबली, हे तो आम्हाला सांगत होता. रात्री रिसॉर्टच्या अंगणात खाटा टाकून पडलो, तेव्हा बऱ्याच वर्षांनी तो आम्हाला गप्प करत होता. "थांबा रे, ऐका." वसतिगृहात असताना सगळ्यांवर असाच हुकूम चालवायचा तो. आमच्यातल्या एकाला तेव्हा रडू आवरलं नाही. अंधारात कुणाला दिसलं नाही, पण त्याला ऐकू गेलंच.

निघताना गडबडीत तुमच्याशी धड बोलताही आलं नाही, म्हणून हे पत्र. मनापासून आभार, ताई. ड्रायव्हरदादांनाही नमस्कार सांगा. त्यांनी इंजिन किती वेळा बंद केलं याचा हिशेब नाही, आणि एकदाही कुरकुरले नाहीत.

तो भृंगराज नक्की कुणाची नक्कल करत होता, हे विचारायचं राहून गेलं, असा त्याचा निरोप आहे. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, उघडलं की आम्ही पाचही जण येतोय. नंबर कुणाचाही लागो, गेटवर तुमची चौकशी करणारच.

तुमचे,
त्या सकाळचे पाच मित्र